पाच हात, पाच मुठी : जमीन मोजणाऱ्या काठीची कुळकथा

इंग्रजी अमदानीतील साखळी येण्यापूर्वी मराठी मुलखात शेतजमीन ज्या काठीने मोजली जाई, तिची लांबी माणसाच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या अवयवांवरून ठरलेली होती. कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या अग्रापर्यंतचे अंतर म्हणजे हात, मिटलेल्या चार बोटांची रुंदी म्हणजे मूठ, आणि पाच हात व पाच मुठी मिळून एक काठी होई.

हे माप कोपरापासून सुरू होण्याचे कारण सांध्याच्या रचनेत आहे. कोपर ते मनगट या भागास प्रकोष्ठ म्हणतात आणि त्यात दोन हाडे असतात : करंगळीच्या बाजूची अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूची रेडियस. अल्नाचे वरचे टोक दंडाच्या हाडाला मागून कवेत घेते; कोपर काटकोनात वाकवले की हे टोक पुढे येते आणि त्यावर मांसाचा थर नसल्याने कातडीखाली थेट हाडच लागते. तळहात पालथा करताना रेडियस अल्नावरून तिरपी फिरते, परंतु कोपरातील अल्ना जागा सोडत नाही, म्हणून मापाचा आरंभ पक्का राहतो. मनगटात मात्र आठ लहान हाडांच्या दोन ओळी असून ते सर्व बाजूंना वळते. ते जरा वाकले तरी हात तोकडा भरतो, म्हणून मनगट ताठ ठेवणे भाग असते. मुठीचेही तसेच आहे : बोटे मिटणारे मुख्य स्नायू तळहातात नसून प्रकोष्ठात असतात, त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटावरून बोटांत उतरतात, आणि मनगट आतल्या बाजूस वाकले की त्या सैल पडून मूठ घट्ट मिटत नाही.

हाताला मुठीची जोड देण्याची कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची रुंदी हे अंगुळ मानले असून चोवीस अंगुळांचा एक हात सांगितला आहे, आणि त्यात धनुष्याच्या पकडीची चार अंगुळे मिळवून कुरणे मोजण्यासाठी वेगळे, मोठे माप दिले आहे. ‘मध्यम पुरुष’ या अटीतच या मापाची मूळ अडचण उघड होते, कारण सर्वांचे हात सारखे नसतात.

शेतसाऱ्याच्या हिशेबात ही अडचण न्यायाची होती. काठी आखूड असली तर त्याच शेतात जास्त बिघे भरत आणि कुणब्यावरचा सारा वाढे. लांब असली तर सरकारचे उत्पन्न घटे. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने (मृत्यू १६२६) जमिनीच्या प्रतीनुसार सारा ठरवण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यामुळे या मुलखात जमाबंदीला शिस्त आली. पुढे शिवकाळातील मोजणीचे जे माप कृष्णाजी अनंत सभासदांच्या बखरीत आले आहे, त्यात हात चौदा तसूंचा (तसू हे लांबीचे लहान माप) ठरवून काठी ऐंशी तसूंची धरली आहे. म्हणजे पाच हातांचे सत्तर तसू आणि पाच मुठींचे दहा. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर होई. हात तसूंत बांधला गेल्यावर मोजणारा उंच की ठेंगणा, हा प्रश्न मागे पडला. मोजणीदाराच्या देहातून माप बाहेर काढून ते काठीत स्थिर करणे, हीच या पद्धतीची खरी कमाई होय.

एकोणिसाव्या शतकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरापासून सुरू केलेली नवी जमाबंदी अहमदनगर जिल्ह्यातही लागू झाली, तेव्हा काठीची जागा तेहतीस फुटी साखळीने घेतली. त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शेताचा सातबारा पुढे हेक्टर-आरमध्ये लिहिला जाऊ लागला, तरी बोलण्यात गुंठा कायम राहिला.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात विहिरीचे पाणी किती खोल गेले, हे सांगताना हात आजही वापरता येतो, कारण त्या मापावरून कोणाचे देणे ठरत नाही. जिथे देणेघेणे ठरते, तिथे माप कोणाच्याही अंगाचे नसावे, ही समज मात्र रुजली ती काठीच्या त्या ऐंशी तसूंमुळे.