अंगणात गेलेली शाळा

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती शिक्षणाचे साधन म्हणून मोबाईल द्यावा की न द्यावा, हा वाद सध्या घरोघर चालतो, आणि आता तो डहाणू-तलासरीच्या पाड्यांपर्यंतही पोहोचला आहे. वाद करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते की, बालशिक्षणाच्या साधनांचा हाच प्रश्न ह्याच मुलखात ऐंशी वर्षांपूर्वी उपस्थित झाला होता, आणि त्याचे उत्तरही येथेच शोधले गेले.

1945 साली ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आल्या, तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. 1923 पासून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, त्यातही त्यांचा प्रमुख भाग होता. त्या काळी माँटेसरी बाईंची साधने ही अगदी नव्या विद्येची यंत्रेच मानली जात. लाकडी दंडगोल ठराविक खोबणीतच बसे. चूक झाली तर मास्तराने रागावण्याचे कारण नाही, साधनच ती दाखवून देई. आजचे ॲप करणारे जो गुण आपल्या मालास चिकटवितात, तो मूळचा ह्या दंडगोलाचा. भेद इतकाच की, दंडगोल टाळ्या वाजवीत नाही, आणि मुलाने आणखी एक खेळ खेळावा म्हणून त्यास भुरळही घालीत नाही!

ही पद्धती 1907 साली रोममधील एका गरीब वस्तीत जन्मास आली. परंतु आपल्याकडे तिची साधने इतकी महाग पडत की, बालमंदिर म्हणजे सुखवस्तू घरांतील मुलांची चैन, असेच लोकांस वाटू लागले. बोर्डीस ताराबाईंनी व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हा हिशेब उलटा मांडला. समुद्रकाठचे शंखशिंपले, चिंचोके, खडे, पाने, बिया आणि माती हीच साधने झाली. लहानमोठा क्रम, रंगांचा भेद, मोजणी, हे सर्व त्यांत होतेच.

पण साधने स्वस्त झाली म्हणून मुले आली नाहीत. येथे त्या वर्षांची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे 1945 च्या मे महिन्यात वारल्यांची सभा भरली, आणि गोदावरी परुळेकर यांच्या प्रेरणेने वेठबिगार व लग्नगडीची चाल ह्यांविरुद्ध उठाव झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी बाप सावकाराच्या घरी राबे. मूल गुरांमागे जाई, नाहीतर धाकटे भावंड कडेवर घेऊन बसे. अशा मुलास शाळेच्या दारी बोलावणे ही थट्टाच होय. म्हणून शिक्षिका पाड्यावर गेल्या आणि बालवाडी झोपडीपुढच्या अंगणात भरू लागली. 1957 साली संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली, म्हणजे थोरल्या बहिणीस कडेवरच्या बाळासह येता येई. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. आमच्या मते ह्या कल्पकतेचे मोल शंखशिंपल्यांहून अधिक आहे. कारण तीत मुलाची अडचण हाच अभ्यासक्रमाचा आरंभ मानला होता.

‘अंगणवाडी’ हे नाव पुढे 1975 च्या सरकारी बालविकास योजनेमुळे देशभर झाले. आज त्या अंगणवाडीत मोबाईल आला आहे खरा, पण तो मुलांसाठी नव्हे, मुख्यतः हिशेबासाठी. 2021 पासून पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपवर सेविका हजेरी, वजन, उंची भरतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील पुष्कळ सेविकांनी सरकारी फोन परत केले; फोन निकृष्ट आणि ॲपची भाषा इंग्रजी, ही त्यांची तक्रार. ज्या साधनाची भाषा शिक्षिकेसच परकी, ते मुलाचे काय शिकविणार?

शिकविणाऱ्या ॲपांची गोष्ट ह्याहून फार निराळी नाही. पडद्यावर लाल सफरचंद येते. डहाणूच्या मुलाने पाहिलेले असतात चिकू आणि ताडगोळे. पडद्यातला आवाज पुस्तकी मराठी बोलतो, घरात वारली बोली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी एका तासाहून अधिक बैठा पडदा नको असे सांगितले, ते योग्यच. पण त्या एका तासात काय दाखवावे, हा प्रश्न उरतोच. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. पाड्यावरील एखाद्या आजीने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट सेविकेने फोनवर उतरवून घेतली, आणि दुपारी अंगणात पोरे चिंचोके मांडीत असता ती ऐकविली, तर त्यास नवे ॲपही लागत नाही आणि मुलांस पडद्याकडे पाहावेही लागत नाही.