मुठेकाठच्या शाळांचा हिशेब

युनियनच्या कामात मी आधी विचारतो : पैसा कोणाचा, लाभ कोणाला? पुण्याच्या पेठांतील शाळांनाही तेच विचारू. विश्रामबागवाड्यातील १८२१ ची संस्कृत पाठशाळा दक्षिणा फंडावर चाले, विद्यार्थी ब्राह्मण. जवळच बुधवारात, भिडेवाड्यात, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. १८५१ त रास्ता पेठेत, १८५२ त वेताळ पेठेत आणखी निघाल्या. सावित्रीबाईंवर शेण पडले, हे सर्वांस ठाऊक. वर्गणीसाठी किती दारे हिंडावी लागली, हे कोणी विचारीत नाही! १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हिशेबच मांडला : सारा भरतो शेतकरी, शिकतात वरच्या वर्गांची मुले, निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा. मुंबई इलाख्यात सक्तीचा कायदा १९१८ साली आला, तोही नगरपालिकांच्या मर्जीवर सोडलेला.