छोटे यंत्र आणि खरी नक्कल

मंडळी, आपल्याकडे 'खरी नक्कल' हा मोठ्या वजनाचा शब्द आहे. वाटणीचा दस्त असो, फेरफार असो की शाळा सोडल्याचा दाखला असो. मूळ कागद पेटीत जपून ठेवायचा आणि नक्कल घेऊन कचेरीची पायरी चढायची, ही वाडवडिलांपासूनची रीत. ती नक्कल कारकून हाताने लिहून काढी. त्याला वेळ लागे, फी लागे. आणि लिहिता लिहिता सर्व्हे नंबरातला एखादा आकडा चुकला, तर पुढे कोर्टात खेटे घालायची पाळी येई.

आज कुर्डुवाडीत तुम्ही दुकानाच्या फळीवर कागद ठेवता आणि 'एक झेरॉक्स द्या हो' म्हणता. चहाचा घोट घेईपर्यंत नक्कल तुमच्या हातात! ती देणारे यंत्र टेबलाच्या कोपऱ्यावर मावेल एवढे असते. ते नक्कल काढते, संगणकातला मजकूर छापते, आणि कागदाचे चित्र संगणकात पाठवते. अशी तीन कामे एका पेटीत. ही यंत्रे दुरुस्त करणे हा माझा धंदा. गिऱ्हाइकाला यंत्राची तीन कामे दिसतात. मला त्याच्या पोटातली कागदाची वाट दिसते. ही वाट कशी तयार झाली, आणि ती नीट राहिली नाही तर कोणाचे अडते, एवढेच आज सांगायचे आहे.

नक्कल काढण्याचे कष्ट वाचावेत म्हणून माणूस फार दिवस धडपडत होता. वाफेच्या इंजिनामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या जेम्स वॉटनेच 1780 साली नकलेच्या एका युक्तीचे पेटंट घेतले. खास शाईने पत्र लिहायचे, त्यावर ओला पातळ कागद ठेवायचा आणि दाबायचे. शाई कागदातून आरपार उतरे आणि पलीकडून वाचता येई. पुढे 1881 साली लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर याने मेणकागदावर बारीक भोके पाडणाऱ्या लेखणीचे पेटंट घेतले. त्यातूनच आपले सायक्लोस्टाइल आले. जुन्या शिक्षकांना त्याची ओळख करून द्यायला नको. परीक्षेच्या आदल्या रात्री हँडल फिरवून प्रश्नपत्रिका काढताना शाईने काळे झालेले हात अजून कित्येकांना आठवत असतील.

पण यात एक अडचण होतीच. सायक्लोस्टाइलला मजकूर आधी मेणकागदावर नव्याने उतरावा लागे. आधीच तयार असलेल्या कागदाची, मग तो पन्नास वर्षांपूर्वीचा का असेना, हुबेहूब नक्कल त्यातून निघत नसे. खऱ्या नकलेला तर तेच हवे असते.

ही अडचण चेस्टर कार्लसन या अमेरिकन गृहस्थाला चांगलीच जाचत होती. तो पेटंटच्या खात्यात नोकरीला होता. दिवसभर कागदांच्या आणि आकृत्यांच्या नकला लागत आणि त्या पुरेशा कधीच मिळत नसत. त्यात त्याचे सांधे दुखत. त्याने ग्रंथालयात बसून वाचन केले, आणि 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्क शहरातल्या अ‍ॅस्टोरिया भागातील एका लहानशा खोलीत, ऑटो कोर्नाय या मदतनिसासह, प्रयोग साधला.

शिक्षकबंधूंनो, हा प्रयोग वर्गात समजावून सांगणे अवघड नाही. कोरड्या केसांवर कंगवा घासला की तो कागदाचे कपटे ओढतो, हे मुलांना माहीत असते. कार्लसनने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला आणि अंधारात तो रुमालाने घासला. थरावर वीज साठली. मग काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि जागेचे नाव लिहून ती पट्टी पत्र्यावर ठेवली, आणि उजेड पाडला. जिथे उजेड पडला तिथली वीज निघून गेली. अक्षरांच्या सावलीत ती टिकून राहिली. वर बारीक पूड भुरभुरली आणि फुंकर मारली. जादा पूड उडाली, अक्षरे उरली! ती मेणकागदावर दाबून उचलली. शाई नाही, पाणी नाही, सारा कोरडा कारभार. म्हणूनच पुढे या पद्धतीला ग्रीक भाषेतला 'कोरडे लेखन' या अर्थाचा शब्द मिळाला. आपला 'झेरॉक्स' त्याच शब्दाचा वंशज.

या शोधाला वीसाहून अधिक कंपन्यांनी नकार दिला. अखेर हॅलॉइड नावाच्या एका लहान कंपनीने तो हाती घेतला, आणि 1959 साली तिचे '914' हे यंत्र बाजारात आले. त्याचे वजन जवळजवळ 300 किलो होते. मिनिटाला साताच्या आसपास नकला निघत. कागद आत अडकून तापला तर पेट घेई, म्हणून सोबत आग विझवण्याचे साधनही देत. असे यंत्र घेतले म्हणजे त्याच्यामागे कारागीर आलाच.

मंडळी, यंत्र छोटे होण्याची खरी कथा इथून पुढे आहे. यंत्रातला गोल ढोल, म्हणजे ड्रम, झिजतो. पूड संपते. ड्रम पुसणारी पट्टी बोथट होते. या सगळ्याची देखभाल करायला माणूस वरचेवर यावा लागे. 1982 साली कॅनन या जपानी कंपनीने लहान कचेऱ्यांसाठी यंत्र काढले, त्यात वेगळाच विचार केला. झिजणारे बहुतेक भाग एका डबीत कोंबले, आणि पूड संपली की डबी काढून दुसरी बसवा म्हणून सांगितले. डबी बदलण्याचे काम गिऱ्हाइकावरच सोपवले. कारागिराचा फेरा चुकला, म्हणून यंत्र छोट्या दुकानाला परवडू लागले. 1984 साली ह्यूलेट-पॅकार्डने संगणकाला जोडायचा जो लेझर छपाईयंत्र विकायला काढला, त्याच्या पोटातही कॅननचीच यंत्रणा होती. पुढे त्याच्या डोक्यावर कागद वाचणारी काच बसवली, आणि तीन कामांची पेटी तयार झाली.

कुर्डुवाडीच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. 1897 साली आपल्याकडून बार्शीला जी लहान गाडी सुरू झाली, तिच्या रुळांमधले अंतर होते अवघे 2 फूट 6 इंच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने कुठल्याही चाकजोडीवर 5 टनांपेक्षा जास्त भार पडू नये असा हिशेब बसवला, म्हणून हलके रूळ पुरले आणि खर्च आवाक्यात आला. पण थोरल्या गाडीचा माल लहान गाडीत न्यायचा, तर तो कुर्डुवाडीत उतरवून पुन्हा भरावा लागे. लहानपणात जे वाचले, त्याचा काही भाग हमालाच्या पाठीवर आला. पुढे 1954 साली ती रेल्वे सरकारने घेतली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूर आणि लातूरकडचे रूळ रुंद झाले. मला त्यातून एवढेच दिसते की कुठलीही वस्तू छोटी आणि स्वस्त केली की तिची किंमत कुठेतरी दुसरीकडे भरली जाते. ती कुठे भरली जाते, हे पाहावे.

आपल्या छोट्या यंत्रात ती दुरुस्तीच्या ज्ञानात भरली जाते. इथल्या रेल्वेच्या कारखान्यात भाग झिजला तर तो घासून, कातून पुन्हा कामाचा करण्याची विद्या होती. डबीने मात्र लोकांना एकच गोष्ट शिकवली : चालेना तर बदला, बदलूनही चालेना तर टाकून द्या.

मागे एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. यंत्र कपाटाच्या बाजूला चादरीखाली झाकून ठेवलेले. 'हे आता निर्लेखित करायचं आहे, कागदच ओढत नाही,' असे गुरुजींनी सांगितले. वर्षभर ते घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढायला मोटारसायकलवरून तालुक्याला जात होते. मी ट्रे काढला. कागद उचलणाऱ्या रबरी चाकावर धुळीचा थर बसून ते गुळगुळीत झाले होते. ओल्या फडक्याने पुसले, कागदाची गड्डी झटकून ठेवली, आणि यंत्र चालू लागले. गुरुजी हसले, पण ते हसणे मला बरे वाटले नाही. वर्षभराची पायपीट एका फडक्याइतकी होती, आणि ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून तुम्हाला चार गोष्टी सांगून ठेवतो. यंत्राची कामे तीन म्हणतात, पण खरी दोनच आहेत : वाचणे आणि छापणे. नक्कल म्हणजे वाचून छापणे. नकलेवर काळी रेघ येत असेल, तर आधी संगणकावरून एक पान छापून पाहा. छापलेले पान स्वच्छ असेल, तर डबीचा काही दोष नाही. दोष वाचणाऱ्या काचेवर आहे. गठ्ठ्याने कागद ओढणाऱ्या भागाखाली काचेची एक अरुंद पट्टी असते. तिच्यावर डिंकाचा किंवा व्हाइटनरचा ठिपका पडला, की पानभर सरळ रेघ उमटते. दोन्हीकडे रेघ असेल, तर मात्र डबीकडे पाहा.

दुसरे, एकच डाग पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते अंतर पट्टीने मोजा. 24 मिलिमीटर व्यासाचा ड्रम एका फेऱ्यात सुमारे 75 मिलिमीटर कागद सरकवतो. डाग तेवढ्याच अंतराने येत असेल, तर दोष त्या ड्रमवर. परिघाचे गणित शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

तिसरे, अक्षरे बोटाने पुसली जात असतील, तर पूड कागदावर नीट वितळलेली नाही. ती पूड म्हणजे रंगवलेले प्लॅस्टिक असते. 180 ते 200 अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या रुळातून गेल्यावर ती कागदाला चिकटते. हे काम गरम असते, तेव्हा तिथे हात घालू नका; त्याला माणूस बोलवा. हाच रूळ एकदम पुष्कळ वीज ओढतो, म्हणून यंत्र छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका.

चौथे, पावसाळ्यात कागदाचे पुडके उघडे ठेवू नका. ओला कागद वाकडा होतो आणि वाटेत अडकतो. आणि डबीत पूड पुन्हा भरून घेतली, तर घासून निघालेली जुनी पूड रिकामी केली का, हे विचारा. नाहीतर ती ओसंडून पान काळे करते.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण पाहा, 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला; सरकारी कागदाची नक्कल मागण्याचा हक्क आपल्याला मिळाला. 2018 सालापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तो कोणत्याही छपाईयंत्रातून काढता येतो. हक्क दिल्लीत आणि मुंबईत ठरतो, पण तो तुमच्या हातात पडतो तो खेड्यातल्या एका छोट्या पेटीतून. पीककर्जाच्या शेवटच्या दिवशी ती पेटी रबराच्या एका चाकापायी अडून बसली, तर तुमचा हक्कही तिथेच अडतो.

पूर्वी नक्कल खरी की खोटी, हे कारकुनाच्या हाताच्या सचोटीवर ठरे. आता कारकुनाच्या जागी यंत्र आले आहे. यंत्राला सचोटी नसते, पण निगा लागते. ती निगा गावातच शिकली पाहिजे. शाळेत एखादे यंत्र बंद पडलेले असेल, तर टाकण्यापूर्वी मुलांसमोर झाकण उघडून कागदाची वाट दाखवा. कार्लसनचा रुमाल आणि आपला कंगवा यांची आठवण द्या. त्यातल्या एखाद्या मुलाच्या हाताला ही विद्या लागली, तर गावाचे कागद गावातच निघतील.