प्रश्न मराठीत येतो तेव्हा



कामगाराला छापील प्रश्न विचारण्याची रीत जुनी आहे. १८८० साली कार्ल मार्क्सने फ्रान्समधील कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची यादी तयार केली. हजारो प्रती वाटल्या गेल्या. उत्तरे मात्र फारच थोडी आली. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असला म्हणजे उत्तर मिळतेच असे नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आज तोच प्रसंग मरणोन्मुख रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांपुढे उभा आहे. १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन निघाले, १९९७ साली पुण्याजवळ वारज्याला सिप्लाचे केंद्र. सेवेमागोमाग प्रश्नावली आली. १९९६ साली कॅनडातील ओटावा येथे मार्गारेट रॉस व सहकाऱ्यांनी परिचारिकांसाठी वीस विधाने रचली. खरे, खोटे, ठाऊक नाही, एवढीच उत्तरे.

ही विधाने मराठीत आणायची कशी? रुग्णांच्या बाबतीत टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २००५ साली वाट दाखविली. युरोपातील प्रश्नावलीची मराठी व हिंदी रूपे त्यांनी डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर कसाला लावून पाहिली. भाषांतर करावे, दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यावे, दोन्ही ताडून पाहावीत, मग खऱ्या माणसांना विचारावे, असा हा रिवाज आहे.

तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. आपल्याकडे ‘दुखणे’ म्हणजे वेदनाही आणि आजारही. ‘दुखणे कमी झाले का?’ यातून दोन प्रश्न निघतात. त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. त्या वीस विधानांपैकी एक आप्तांनी अखेरच्या श्वासापर्यंत उशाशी असणे अत्यावश्यक मानते, आणि त्याचे ‘बरोबर’ उत्तर आहे ‘खोटे’. मुखी गंगाजल आणि तुळशीपत्र घालण्याची चाल जिथे आहे, तिथली परिचारिका ‘खरे’ म्हणेल. तिला अज्ञानी ठरवायचे काय? विधान बदलले तर कॅनडाशी तुलना तुटते, हे मान्य. पण प्रश्नावली इथल्या परिचारिकेला शिकविण्यासाठी असेल, तर तुलना सोडावी आणि माणूस धरावा.

आणखी एक. रुग्णाचे अंग पुसणारी, चादर बदलणारी बाई रुग्णालयात ‘मावशी’ असते. नाते गोड आहे. पण पगाराच्या कागदावर मावशी नावाचा हुद्दा नसतो आणि प्रश्नावलीतही तिला बहुधा जागा नसते. रात्री मरण सर्वांत जवळून तीच पाहते. तिला विचारा. कागदावर नाव नको, आणि तो वरिष्ठांच्या हातून जायला नको. नाहीतर ती साहेबांना आवडेल तेच सांगेल. शब्द ठरविण्याच्या बैठकीतही तिला बसवा.

मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले. आटपाडीचा रुग्ण आजही मिरजेची वाट धरतो. तिथे त्याच्या उशाशी बसणारी बाई आपल्यासारख्याच गावातून आलेली असते. तिच्या भाषेत प्रश्न विचारणे हे तिच्यावर उपकार नव्हेत. तिच्या श्रमाची ती पहिली नोंद आहे.