कारंजा लाड : पेठ, मंदिरे आणि पोथ्या

वाशीम जिल्ह्यातील कारंजा गावाला ‘लाड’ हे जोडनाव लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेकडून, येऊन स्थायिक झालेल्या लाड व्यापाऱ्यांमुळे मिळाले. मूळ नावाचा संबंध करंज ऋषींशी जोडतात. व्याधीने पीडलेल्या या ऋषींसाठी देवीने तळे निर्माण केले, अशी आख्यायिका असून गावातला ऋषी तलाव तिची आठवण देतो.

दत्त संप्रदायात कारंज्याला मान आहे तो नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून. ‘गुरुचरित्रा’त त्यांच्या जन्माची कथा याच गावी घडते. मुंज होईपर्यंत बालकाच्या मुखातून ओंकाराशिवाय शब्द निघाला नाही, असे ती सांगते. काळाच्या ओघात जन्मस्थानाचा विसर पडला होता. वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामींनी ते पुन्हा उजेडात आणले. आजच्या गुरुमंदिरातील पादुकांची स्थापना १९३४ मधली आहे.

मध्ययुगात ही वऱ्हाडातली अत्यंत श्रीमंत पेठ होती. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही वेशींची नावेच येथून वाटा कुठे जात ते सांगतात. एका सावकाराने हवेलीच्या चुन्यात कस्तुरी कालवली, ही ‘कस्तुरीच्या हवेली’ची कथा लोकांच्या तोंडी टिकली आहे. कथा खरी असो वा नसो, गावाच्या संपत्तीचा बोलबाला किती होता हे तिच्यावरून समजते. १६७० च्या अखेरीस, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटले. सुमारे एक कोटी रुपयांचा ऐवज ४,००० बैलांवर आणि गाढवांवर लादून नेल्याचे वर्णन आहे. पेठेचा खरा हिशेब याच आकड्यांत दिसतो.

त्या पेठेच्या पैशाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र पोथ्यांत उतरला. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या दिगंबर जैनांच्या तीन परंपरांची मंदिरे येथे आहेत. भट्टारकांनी आणि श्रावकांनी हस्तलिखिते करवून घेतली, जुनी मिळवली आणि पिढ्यानपिढ्या मंदिरांतील भांडारांत जपली. संस्कृत आणि प्राकृताबरोबर अपभ्रंश ग्रंथही त्यांत होते. मराठीच्या पूर्वेतिहासासाठी अपभ्रंशाचे महत्त्व मोठे असल्याने हा ठेवा केवळ एका समाजाचा मानता येत नाही.

इंग्रजी अमदानीत कारंज्याची ओळख कापसाने घडली. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. देशातला अशा प्रकारचा हा पहिला बाजार मानला जातो. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस रास्त भावात हवा होता, ही त्यामागची मुख्य प्रेरणा. तरीही वजन-काटा, अडत आणि दलाली यांवर नियम आल्याने शेतकऱ्याच्या गाडीलाही काही आधार मिळाला. वऱ्हाडासाठी १८९७ मध्ये कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची परंपरा येथवर मागे जाते. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रेल्वे, लोकांची ‘शकुंतला’, कारंज्यावरून गेली तीही कापसासाठीच.

१९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू झाले. त्याचे संस्थापक देवचंदजी पुढे समंतभद्र मुनी म्हणून ओळखले गेले. याच सुमारास अभ्यासकांची नजर भांडारांकडे वळली. मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांच्या १९२६ च्या सूचीत कारंज्याच्या पोथ्या नोंदल्या गेल्या. मग कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. तिच्यात प. ल. वैद्यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये, तर हीरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये संपादित केले. या शेवटच्या काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांचे वर्णन आहे. ती धाराशिवची लेणी होत, हे हीरालाल जैनांनी दाखवून दिले.