२६ जुलै २००५: गाळ्यातल्या बेदाण्याचे तीन दिवस

२६ जुलैच्या त्या पावसाने महाराष्ट्रात हजाराहून जास्त माणसांचा जीव घेतला. त्यापुढे मालाच्या नुकसानीबद्दल बोलायला संकोच वाटतो. तरी बोलायला हवं, कारण पुरात भिजलेल्या खाण्याच्या मालाचा धोका पाणी ओसरल्यावर सुरू होतो आणि तो माणसांच्याच पोटात जातो. उदाहरणाला साकीनाक्याचा एक तळमजल्याचा गाळा घेऊ. आत तासगावचा बेदाणा, निर्यातीसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलेला. गाळा कल्पनेतला आहे. पाऊस आणि त्याच्या वेळा खऱ्या आहेत.

सकाळी ८.३०
सांताक्रूझ वेधशाळेची चोवीस तासांची मोजणी सुरू होते. गाळ्यातल्या बेदाण्यात ओलावा साधारण १५ टक्के. उरलेलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं, त्यामुळे बुरशीला ते मिळत नाही. उन्हाळ्यात द्राक्षं रॅकवर पसरून, अवकाळीच्या धास्तीत रात्री काढून शेतकऱ्याने जे मिळवलं ते एवढंच: तो कोरडेपणा.

११.३०
तीन तासांत ०.९ मिलिमीटर.

दुपारी २.३०
पुढच्या तीन तासांत १८.४. जुलैतल्या मुंबईला हे किरकोळ. खालच्या थरातली खोकी पोटमाळ्यावर चढवायला अजून वेळ होता. पण पुढे काय वाढून ठेवलंय याचा इशारा उपनगरात कुणाच्या हाती नव्हता.

२.३० ते ५.३०
या तीन तासांत सांताक्रूझला ४८१.२ मिलिमीटर पाऊस कोसळला. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल तर. ३.५० ला भरती होती, ४.४८ मीटरची. वर विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले, ते पाणी मिठी नदीत आलं. मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि तिथेच तिचं पात्र आवळलेलं आहे. पाण्याला जायला रस्ता उरला नाही, म्हणून ते साकीनाका, मरोळ, कुर्ला, कलिनात शिरलं.

गाळ्यात ते शटरच्या फटीतून येतं. आधी काळपट, पातळ, घोट्याइतकं. त्यात गटार असतं, गॅरेजचं ऑइल असतं, उंदरांचं मूत असतं. पुठ्ठा तळाकडून पाणी ओढतो. बाहेरून खोकं कोरडं दिसत असताना आतल्या पिशवीची गाठ ओली झालेली असते. मग तळाचं खोकं बसतं आणि वरची थप्पी कलंडते.

रात्र
लोकल बंद. फोन बंद. माणसं रेल्वेच्या रुळांवरून अंधेरी, बोरिवली, मुलुंडकडे चालत निघालेली. विमानतळ तीस तासांहून जास्त काळ बंद राहिला, म्हणजे सहार कार्गोमधून जाणारा नाशवंत मालही जागच्या जागी. गाळ्यावरही कुणी पोचू शकत नाही, आणि बेदाणा पाणी पीत राहतो.

२७ जुलै, सकाळी ८.३०
चोवीस तासांची बेरीज ९४४.२ मिलिमीटर. कुलाब्याला ७३.४. कुलाब्याजवळच्या फोर्टात ऑफिस असलेल्या व्यापाऱ्याला अंधेरीत काय झालं याचा अंदाज येऊ नये, इतका हा फरक.

२८ जुलै
खरा आणीबाणीचा दिवस हाच, असं माझं ठाम मत आहे. पाणी उतरलं, शटर उघडलं. वरच्या थरातली खोकी कोरडी, मधली दमट, खालची चिखलात. दमट खोक्यातला बेदाणा हातात घेतला तर टपोरा, छान वाटतो; वास जेमतेम आंबूस. इथेच कुणीतरी म्हणतं, "धुऊन वाळवला की झालं." याच वाक्याने घात होतो. दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. द्राक्षावरची काळी बुरशी ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते. ते मूत्रपिंडाला मारक आहे, आणि बेदाणा वाळवून ते जात नाही. बुरशी मरते, विष तसंच राहतं. युरोपने बेदाण्यासाठी तेव्हा किलोमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातलेली होती. आता ती ८ आहे. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

निर्यातीचा माल प्रयोगशाळेत तरी अडतो. अडलेला माल देशातल्या मिठाईत, बेकरीत, हातगाडीवर उतरला तर त्याला कोण अडवणार? आणि बाहेर अडलेला एक लॉट सगळ्यांची पत घालवतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे महाराष्ट्राच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा ज्यांनी काही चूक केली नव्हती ते बागायतदारही त्यात भरडले गेले.

म्हणून तळमजल्यावर खाण्याचा माल ठेवणाऱ्यांना कळकळीची विनंती. थप्पी जमिनीवर लावू नका, खाली पॅलेट घाला. जून ते सप्टेंबर निर्यातीचा लॉट तळमजल्यावर ठेवूच नका. विम्याच्या कागदांची एक प्रत गाळ्याबाहेर ठेवा. आणि पाणी शिरलंच, तर लॉट नंबर लिहून घ्या, फोटो काढा, विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोलवा, आणि त्याने पाहिल्यावर पाणी लागलेलं प्रत्येक खोकं फोडून, आतल्या मालावर फिनेल ओतून, ते पुन्हा विकता येणार नाही अशा रीतीने नष्ट करा.