मैदानाबाहेरचे मैदान : फुटबॉल सामन्याची थेट नोंद कोणाच्या हाती?

१/
मोठा फुटबॉल सामना सुरू झाला की चार-सहा मित्र मिळून मिनिटामिनिटाची नोंद लिहू लागतात. एक जण गोल टिपतो, दुसरा बदली खेळाडूंकडे लक्ष ठेवतो, तिसरा पंचांचे निर्णय लिहितो, चौथा प्रेक्षकांत काय चालले आहे ते सांगतो. ही प्रथा इंटरनेटने जन्माला घातली असा समज आहे. वस्तुतः तिचे वय शंभर वर्षांहून अधिक आहे, आणि तिच्यात करमणुकीपलीकडचे काही एकदा नव्हे, दोनदा पणाला लागले आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा.

२/
आरंभ आपल्याच देशातून करू. २९ जुलै १९११, कलकत्त्याचे मैदान. आय. एफ. ए. शील्डचा अंतिम सामना : एका बाजूला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट हा गोऱ्या सैनिकांचा संघ, दुसऱ्या बाजूला मोहन बागान. बागानच्या अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी. बूट घालून खेळणारे एकटे सुधीर चॅटर्जी. गर्दीचे अंदाज साठ ते ऐंशी हजारांपर्यंत जातात. बाहेरगावच्या लोकांसाठी रेल्वेने जादा गाडी सोडली होती.

३/
पण एवढ्या गर्दीत सामना दिसणार किती जणांना? काहींनी झाडे गाठली, काही खोक्यांवर उभे राहिले, आणि उरलेले हजारो लोक माणसांच्या भिंतीमागे अडकले. त्यांच्यासाठी उपाय निघाला तो पतंगांचा. गोलसंख्या लिहिलेले पतंग आकाशात चढत आणि मागच्यांना कळे की सामना कुठवर आला. यॉर्कशायरच्या जॅक्सनने पहिला गोल केला. शिवदास भादुडींनी बरोबरी साधली. सामना संपत आला असता अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. २-१.

४/
येथे एक सावधगिरी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली दरबारात बंगालची फाळणी रद्द झाली आणि राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. या विजयामुळेच ते घडले, असे उत्साहाने सांगितले जाते. दोन घटना लागोपाठ घडल्या एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे तो पतंग. मैदानात काय घडले हे सांगण्याचे साधन तेथे कोणत्याही कचेरीचे नव्हते, ते गर्दीच्या डोक्यावर, गर्दीसाठी उडत होते.

५/
त्याच काळात इंग्लंडमध्ये या कामाचा धंदा झाला होता. शनिवारी दुपारी सामने होत आणि संध्याकाळी रंगीत कागदावरच्या खास क्रीडा-आवृत्त्या रस्त्यावर येत. शेफील्डचे ‘ग्रीन अन’ १९०७ साली सुरू झाले, हिरव्या कागदावर. शेवटची शिट्टी आणि छापलेला अंक यांत फारच थोडा वेळ असे. म्हणून बातमीदार संपूर्ण वृत्तान्त लिहीत बसत नसे. तो सामना चालू असतानाच तुकड्यातुकड्याने मजकूर तारेने किंवा टेलिफोनने पाठवी, आणि तिकडे जुळारी खिळे जुळवीत जाई.

६/
याचा परिणाम वृत्तान्ताच्या घडणीवर झाला. पूर्वार्धातील किरकोळ फेकाफेकीलाही भरपूर जागा मिळे, आणि अखेरच्या मिनिटातील निर्णायक गोल एका ओळीत कोंबावा लागे, कारण तोवर पान भरलेले असे. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नेमके हेच मोलाचे वाटते. निकाल कळल्यावर लिहिलेल्या वृत्तान्तात विजय पहिल्यापासून अटळ भासतो. चालू सामन्यात लिहिलेल्या नोंदीत पराभवाची भीती खरीखुरी असते.

७/
आता दक्षिण अमेरिका. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्यात उरुग्वे आणि अर्जेंटिना समोरासमोर आले. १० जूनचा सामना १-१ असा सुटला. १३ जूनला तो पुन्हा खेळला गेला आणि उरुग्वेने २-१ ने जिंकला. इकडे ब्वेनोस आयरेसमध्ये वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांसमोर प्रचंड जमाव उभा होता. समुद्राखालच्या तारेने आलेला मजकूर ध्वनिक्षेपकावरून वाचला जाई आणि हजारो माणसे न पाहिलेल्या चेंडूसाठी एकदम श्वास रोखत.

८/
त्या जमावातील माणूस एकट्याने घरी बसून दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र वाचू शकला असता. तो रस्त्यावर आला, कारण त्याला बातमीइतकीच सोबत हवी होती. थेट नोंदीचे हे दुसरे अंग आहे. पहिले अंग म्हणजे पाहणारा डोळा, दुसरे म्हणजे एकत्र वाट पाहणारा समुदाय. आज पडद्यावर सामना स्पष्ट दिसत असतानाही लोक शेजारी फोनवर नोंदी वाचतात, त्याचे कारण हेच.

९/
२२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने प्रथमच फुटबॉल लीगमधील सामन्याचे थेट समालोचन प्रसारित केले : आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड, १-१. समालोचक टेडी वेकलम. ‘रेडिओ टाइम्स’मध्ये मैदानाचा आराखडा आठ चौकोनांत विभागून छापला होता. वेकलम खेळाचे वर्णन करी आणि दुसरा आवाज चेंडू असलेल्या चौकोनाचा क्रमांक सांगे. श्रोता आराखड्यावर बोट फिरवीत सामना ‘पाही’.

१०/
याच्या एक आठवडा आधी वेकलमने ट्विकनहॅम येथील रग्बी सामन्याचे समालोचन केले होते. त्याच्या आठवणीनुसार, दृष्टी गमावलेल्या एका माणसाला तेथे त्याच्या समोर आणून बसवले होते आणि सारे वर्णन त्यालाच सांगायचे, असे त्याला बजावले होते. थेट नोंद लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा धडा गिरवावा. ‘काय तो पास!’ असे लिहिल्याने न पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. पास कोणी, कुठून, कोणाला दिला, हे सांगावे लागते.

११/
मग मालकीचा प्रश्न उभा राहिला. घरबसल्या सामना ऐकू आला तर तिकीट कोण काढील, या धास्तीने इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १९३१ साली आपल्या सामन्यांच्या थेट समालोचनावर बंदी घातली. तोच वाद पुढे नव्या साधनांसह परतला. १९९७ साली अमेरिकेत बास्केटबॉल संघटनेने पेजरवर चालू गुण पाठवणाऱ्या मोटोरोला कंपनीविरुद्ध दावा लढवला. अपील न्यायालयाने निकाल दिला की प्रक्षेपणावर मालकी असू शकते, पण गुण ही वस्तुस्थिती आहे आणि ती कोणालाही सांगता येते.

१२/
येथवर प्रश्न तिकिटांचा आणि पैशांचा होता. १५ एप्रिल १९८९ रोजी तो जिवाचा झाला. शेफील्डचे हिल्सबरो मैदान, एफ. ए. कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेरची गर्दी आवरेना तेव्हा पोलिसांनी एक मोठे दार उघडायला लावले आणि लोंढा आधीच भरलेल्या कुंपणबंद भागांत शिरला. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबवला गेला. या दुर्घटनेत अखेर ९७ माणसांचा बळी गेला. शेवटचा मृत्यू २०२१ साली झाला.

१३/
मैदानात माणसे गुदमरत असतानाच त्यांची कथा दुसरे कोणी सांगू लागले होते. प्रेक्षकांनीच दार फोडले, असे बंदोबस्ताच्या प्रमुख अधिकाऱ्याने फुटबॉल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना सांगितले. ते खोटे होते. काही दिवसांतच ‘द सन’ने लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवर हीन आरोप करणारे पहिले पान छापले. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने त्याच वर्षी मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणाला दिला, तरी कलंक पुसला गेला नाही.

१४/
आता नोंदींकडे पाहा. पोलीस घटनास्थळी आपल्या खिशातील वहीत वेळेसह नोंद करतात, आणि अशा समकालीन नोंदीला पुराव्यात मोठे वजन असते. हिल्सबरोनंतर पोलिसांना वहीत न लिहिता साध्या कागदावर आठवणी लिहून देण्यास सांगण्यात आले. ते जबाब मग तपासले गेले. २०१२ साली स्वतंत्र समितीने उघड केले की १६४ जबाबांत लक्षणीय फेरफार झाला होता आणि त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांच्या कारभारावरील प्रतिकूल मजकूर काढला गेला होता.

१५/
दुसरी गोष्ट मिनिटांची. मूळ मृत्यूचौकशीत कॉरोनरने दुपारी ३ वाजून १५ मिनिटांची मर्यादा आखली : तोवर सर्वांना प्राणघातक इजा होऊन गेली होती, म्हणून पुढचा पुरावा विचारात घ्यायचा नाही. त्यामुळे ३.१५ नंतर मदत का पोहोचली नाही हा प्रश्नच पुसला गेला. २०१२च्या समितीने वैद्यकीय कागदपत्रे पुन्हा तपासली आणि दाखवले की ४१ जणांच्या बाबतीत वाचण्याची शक्यता उरलेली असू शकली असती. २०१६ साली नव्या चौकशीच्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवध ठरवले. मधे २७ वर्षे गेली.

१६/
२८ मे २०२२, पॅरिसजवळचे स्ताद द फ्रान्स. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, लिव्हरपूल विरुद्ध रेआल माद्रिद. दारांबाहेर हजारो तिकीटधारक अडकले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आत मात्र पडद्यावर संदेश झळकला की प्रेक्षक उशिरा आल्याने सामना लांबला आहे. पुन्हा तोच संघ आणि दोष ढकलण्याची तीच रीत. पण या वेळी रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातात फोन होते. आम्ही कित्येक तासांपासून येथे आहोत, हे ते त्याच क्षणी लिहीत होते, चित्रित करीत होते. रांगेत अडकलेले पत्रकारही तेच सांगत होते.

१७/
पुढे फ्रेंच सिनेटच्या चौकशीत निघाले की मैदानाच्या कॅमेऱ्यांचे चित्रण सात दिवसांनी आपोआप पुसले गेले होते, कारण ते कोणी वेळेत मागितलेच नव्हते. अधिकृत डोळा असा मिटला. उरले ते प्रेक्षकांचे चित्रण आणि शेकडो साक्षी. हिल्सबरो समितीच्या संशोधनाचे नेतृत्व केलेले फिल स्क्रेटन यांनी सहकाऱ्यांसह अशा साक्षींवर अहवाल तयार केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये युएफाच्याच स्वतंत्र समितीने प्राथमिक जबाबदारी युएफाची असल्याचे म्हटले. तेव्हा २७ वर्षे लागली होती, या वेळी नऊ महिनेही लागले नाहीत.

१८/
दोन्ही घटनांत एक मोठा फरक आहे हे विसरू नये. पॅरिसमध्ये सुदैवाने कोणी मृत्युमुखी पडले नाही, म्हणून तुलना जपून करावी. तसेच फोन हाती आल्याने सत्य आपोआप जिंकते असेही नाही. अफवाही त्याच वेगाने धावते. फरक पडला तो एवढ्याने की एकाच घटनेच्या, वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेळेसह केलेल्या शेकडो स्वतंत्र नोंदी एकमेकींशी ताडून पाहता आल्या. साधनचिकित्सेचा हा जुनाच नियम आहे. येथे तो सामान्य प्रेक्षकांच्या कामी आला.

१९/
म्हणून मित्रमंडळींनी मिळून मोठ्या सामन्याची थेट नोंद ठेवायची ठरवली तर चार गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक नोंदीला वेळ असावी. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले, पडद्यावर पाहिले की ऐकले, हे स्पष्ट असावे. चूक झाली तर जुनी ओळ खोडून टाकू नये, खाली नवी ओळ लिहून दुरुस्ती करावी. आणि कामे वाटून घ्यावीत, निदान एकाने तरी चेंडू सोडून दारे, जिने आणि गर्दी यांकडे पाहावे. सामना संपल्यावर ही नोंद कुठेतरी जतन करावी.

२०/
विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या नोंदी ठेवणारे जगभर असंख्य आहेत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे संघ भिडतात, पेठाच्या पेठा लोटतात, तेव्हा मात्र मिनिटामिनिटाची लिखित नोंद कितीशी उरते? गोव्यातील गावोगावच्या मैदानांचेही तेच. पन्नास वर्षांनी कोणी या खेळाचा, या पेठांचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला दुसऱ्या दिवशीच्या निकालाच्या चार ओळींपेक्षा अधिक काही मिळायला हवे. पुढच्या सामन्याला जाताना फोन भरून घ्या, सोबत दोघे-तिघे घ्या, आणि पहिल्या शिट्टीची वेळ लिहून सुरुवात करा.

धागा समाप्त. आपल्या गावच्या मैदानावरील जुन्या नोंदी, स्पर्धांची पत्रके किंवा गुणफलकांची छायाचित्रे कोणाकडे असतील तर खाली अवश्य जोडावीत, वर्ष आणि ठिकाणासह.